चार्जशीटच्या आधी समुपदेशक



व्यसनाच्या प्रश्नावर युनियनच्या मुखपत्रात लिहायचे म्हटले की पहिला आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो. "महागाई भत्ता, रिक्त जागा, जुनी पेन्शन हे प्रश्न सोडून तुम्ही दारूवर काय लिहिता? ते काम कीर्तनकारांचे." आम्हांला हे मान्य नाही. शाखेच्या कार्यालयात संध्याकाळी जी माणसे येऊन बसतात, त्यांच्या फायली उघडून पाहा. दीर्घ गैरहजेरीची चार्जशीट, क्वार्टरमधील मारहाणीची तक्रार, क्रेडिट सोसायटीच्या कर्जाची थकबाकी, जामीनदाराच्या पगारातून सुरू झालेली कपात, लॉबीत ब्रेथलायझरवर सापडलेला असिस्टंट. कागदावर विषय वेगवेगळे असतात, पण जरा खोलात जाऊन विचारपूस केली की त्यांतल्या बऱ्याच फायलींच्या तळाशी बाटली निघते. ज्या कारणाने सभासदाची नोकरी जाते ते कारण युनियनचेच.

या प्रश्नावर युनियनच्या हातातले हत्यार ठरलेले आहे. चार्जशीटला उत्तर देणे, चौकशीत डिफेन्स हेल्पर म्हणून बसणे, अपील करणे, शिक्षा कमी करून घेणे. ते हत्यार आम्ही खाली ठेवणार नाही. परंतु केस सुटली म्हणून माणूस सुटत नाही. आमच्या माहितीतील एक गँगमन घ्या. (आता त्याला ट्रॅक मेंटेनर म्हणायचे, ड्रायव्हरला लोको पायलट आणि २०२२ पासून गार्डला ट्रेन मॅनेजर. नावे बदलली, रात्रपाळी तीच आहे.) सलग साडेतीन महिने गैरहजर. आरोप सिद्ध झाला, नोकरीतून काढून टाकण्याचा हुकूम निघाला. अपिलात युनियनने त्याची वीस वर्षांची सेवा, पदरची तीन मुले, पूर्वीचा स्वच्छ शेरा हे सारे मांडले आणि शिक्षा पगारातील घटीवर आली. माणूस कामावर परतला, पेढे वाटले गेले. पाच महिन्यांनी पुन्हा तोच खाडा आणि पुन्हा तीच चार्जशीट.

या पाच महिन्यांत त्याच्याशी दारूबद्दल कोणी बोलले नव्हते असे नाही. साहेब दमात बोलले, मेट चेष्टेत बोलला, बायको रडून बोलली, सासरा हात उगारून बोलला. बोलणारे पुष्कळ होते. ऐकून घेण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्याला आलेले नव्हते. आमचे स्पष्ट मत असे आहे की चार्जशीट हातात पडण्याच्या आधी माणसाला समुपदेशक भेटला पाहिजे, आणि त्याच्या घरच्यांनाही भेटला पाहिजे. हे घडवून आणणे हे चौकशीत बचाव करण्याइतकेच युनियनचे काम आहे.

'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' दडलेला असल्यामुळे बराच घोटाळा होतो. लोकांना वाटते, कोणी शहाणा गृहस्थ समोर बसवून 'दारू वाईट, मुलांकडे बघ' असे सांगणार. पिणाऱ्याला हे सगळे पाठ असते. दारूचे तोटे तो तुमच्या-आमच्यापेक्षा चांगले सांगेल. जाणता समुपदेशक पहिल्या बैठकीत 'सोड' असे म्हणतच नाही. तो विचारतो, दिवस कसा जातो? पहिला घोट किती वाजता लागतो? न घेतल्यास हात थरथरतात का? पगारातले घरी किती पोहोचतात? आणि घेतल्याने बरे काय वाटते? हा शेवटचा प्रश्न ऐकून माणूस चमकतो, कारण तो त्याला आजवर कोणी विचारलेला नसतो. मग तो सांगू लागतो. झोप येते. पाठीचा ठणका थांबतो. रुळावर डोळ्यांसमोर पाहिलेला अपघात तेवढ्यापुरता विसरतो. ही खरी कारणे एकदा समोर आली की झोपेचे काय करायचे, पाठीचे काय करायचे, त्या आठवणीचे काय करायचे याचा विचार सुरू होतो.

विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली या पद्धतीची मांडणी केली. बदलण्याचे कारण समुपदेशकाने पुढे करायचे नाही. ते माणसाच्याच तोंडून निघावे असे प्रश्न विचारीत जायचे, हे तिचे सूत्र. युनियनच्या जुन्या कार्यकर्त्यांना यात फार नवे वाटू नये. नवीन पोराला सभासद करून घेताना आपण तरी दुसरे काय करतो? आधी त्याची तक्रार विचारतो, ती पूर्ण ऐकतो, पावतीपुस्तक नंतर काढतो.

आता एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्यांच्या आग्रहाखातर किंवा शपथ घेऊन एका दिवसात एकदम बंद केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कंप सुटतो, झोप उडते, नसलेली माणसे दिसू लागतात, काहींना फिट येतात. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून सुरुवात डॉक्टरकडून करायची. औषधांच्या आधाराने अंगाची मागणी साधारण आठ-दहा दिवसांत शमते. मनाची मागणी शमायला महिने लागतात आणि समुपदेशकाचे खरे काम तेथून पुढे आहे. पुष्कळ घरांत नेमके उलटे होते. आठ दिवस सलाईन लावून माणूस घरी आणतात, आता बरा झाला म्हणून सत्यनारायण घालतात आणि समुपदेशकाची पुढची तारीख कॅलेंडरवरच राहते.

ज्यांना ही वेळ आली आहे की नाही अशी शंका आहे त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दहा प्रश्नांची एक साधी चाचणी तयार केलेली आहे. किती वेळा पिता, एका बैठकीला किती पिता, थांबवता येत नाही असे झाले का, सकाळी उठल्यावर लागते का, इतक्या साध्या शब्दांत ती आहे. वेल्फेअर इन्स्पेक्टर किंवा शाखेचा शिकलेला कार्यकर्ता ती दहा मिनिटांत भरून घेऊ शकतो. त्यासाठी मोठ्या डिग्रीची गरज नाही. तोंड बंद ठेवण्याची गरज आहे. चाचणीतील उत्तरे दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ऐकू आली तर त्या शाखेत पुन्हा कोणी येणार नाही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही पिणाऱ्यांनीच पिणाऱ्यांसाठी चालविलेली मंडळी १९३५ साली अमेरिकेत दोघांनी सुरू केली. एक शेअरबाजारातला, दुसरा शल्यविशारद. आज आपल्या देशात ठिकठिकाणी त्यांच्या सभा भरतात. फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. त्या सभांतून एक ताकीद नेहमी दिली जाते. भुकेला राहू नकोस, रागात राहू नकोस, एकटा राहू नकोस, थकून राहू नकोस. या चार वेळी पाय घसरतो. आता रनिंग स्टाफचा दिवस बघा. रात्री दोनला बोलावणे येते. डबा गार झालेला असतो किंवा खायला सवडच मिळत नाही. सिग्नलवर तासन्‌तास गाडी उभी राहते आणि जबाबाला सामोरे जावे लागते ते यालाच. काम संपते तेव्हा माणूस घरापासून दूर, रनिंग रूमच्या खाटेवर. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा हे चारही आमच्या ड्यूटीच्या तक्त्यातच छापलेले आहेत! गँगमनचे, पॉइंट्समनचे, गेटवरच्या माणसाचे याहून फारसे वेगळे नाही.

म्हणूनच रेल्वेतील माणसाशी बोलणाऱ्या समुपदेशकाला रेल्वे माहीत असली पाहिजे. 'रोज ठरावीक वेळी जेवा, रात्री दहाला झोपा' असा सल्ला देणाऱ्याचा आमच्या माणसाला काय उपयोग? उपयोगी समुपदेशक त्याचा लिंक मागून घेतो आणि विचारतो: कुठल्या रनिंग रूममध्ये किती तास पडून राहतोस? बरोबर कोण असतो? स्टेशनच्या कोणत्या बाजूने बाहेर पडलास की गुत्ता लागतो? मग दोघे मिळून ठरवितात की दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचे, उतरल्याबरोबर आधी पोटभर खायचे, झोपण्यापूर्वी घरी एक फोन आणि त्याच वाटेवरच्या एका सोबत्याला एक फोन करायचा. ऐकायला या गोष्टी पोरकट वाटतात, पण दिवस यांवरच निघतो. आणि पुरेशी विश्रांती, ड्यूटीचे मर्यादित तास, रनिंग रूममध्ये गरम जेवण या आपल्या जुन्याच मागण्या व्यसनमुक्तीच्याही मागण्या आहेत, हे प्रशासनापुढे बोलताना आपण ठणकावून सांगितले पाहिजे.

आता घराकडे येऊ. आमच्या मते समुपदेशनाचे निम्मे काम तेथे आहे आणि नेमके तेच कोणाच्या ध्यानात येत नाही. दारू एक जण पितो, चढते साऱ्या घराला. पूर्वी पगार रोखीने मिळत असे तेव्हा पगाराच्या दिवशी पे-क्लार्कच्या खिडकीपासून थोड्या अंतरावर काही बायका मुलांना कडेवर घेऊन उभ्या राहात. त्या कशासाठी उभ्या आहेत हे सर्वांना ठाऊक असे. आता पगार बँकेत जमा होतो, एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असते आणि उभे राहायला खिडकीही उरली नाही.

अशा घरातली बाई काय करते? नवरा उठूच शकत नाही म्हणून मेटला फोन करून 'ताप आलाय' असे सांगते. किराण्याची उधारी माहेरच्या पैशांतून भागवते. बाटली सापडली की मोरीत ओतते; तो दुसरी आणतो. भांडण सुरू झाले की शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून टीव्हीचा आवाज वाढवते. मुलांना सांगते, बाबांना बरे नाही. हे सारे ती संसार टिकावा म्हणून करते आणि परिणाम असा होतो की दारूचे चटके पिणाऱ्याला बसतच नाहीत, ते ती आपल्या हातावर झेलत राहते. समुपदेशक तिला हे समजावून सांगतो, पण दोष न देता सांगतो. तुझ्यामुळे तो पीत नाही, आणि तुझ्या रडण्याने तो थांबणारही नाही. सासूने, नणंदेने आणि खुद्द नवऱ्याने 'हिच्या कटकटीमुळे पितो' असे वर्षानुवर्षे ऐकवलेले असते. यात तुझा दोष नाही, एवढे एक वाक्य एखाद्या परक्या माणसाच्या तोंडून ऐकून बायका ढसाढसा रडतात, हे आम्ही पाहिले आहे.

त्यानंतरचा सल्ला अगदी व्यवहाराचा असतो. तो प्यालेला असताना वाद घालू नकोस, सकाळी शुद्धीवर असताना बोल. कार्यालयात खोटे सांगू नकोस. त्याने केलेली उधारी तू फेडू नकोस. एकच नियम ठरव आणि तो पाळ. दहा धमक्या देऊन एकही न पाळल्यास तुझ्या शब्दाला किंमत राहात नाही. स्वतः वेळेवर जेव. हात उगारला तर सहन करू नकोस. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तुझ्यासाठी आहे, १८१ हा महिलांसाठीचा फोन नंबर आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवरा यायला तयार नसला तरी तू एकटी ये. हे फार थोड्यांना ठाऊक आहे. पिणारा 'मला काही झालेले नाही' असे म्हणून दोन-दोन वर्षे घालवितो. तेवढा वेळ घराने वाट पाहात बसण्याचे कारण नाही. बायको बदलली, झाकपाक थांबली, घराचा व्यवहार तिने हातात घेतला की त्यालाही जाग येण्याची शक्यता वाढते. न आली तरी मुले तरी सावरतात.

मुलांबद्दल थोडेच लिहितो, कारण लिहवत नाही. अशा घरात थोरला मुलगा किंवा मुलगी दहाव्या-बाराव्या वर्षीच म्हातारी होते. बापाला गुत्त्यावरून आणायला जाणे, धाकट्यांना शेजारी नेऊन बसविणे, आईची समजूत घालणे ही कामे ती करतात. शाळेतल्या बाईंना वाटते, पोर अभ्यासात मंद आहे. त्यांच्याशीही कोणीतरी बसून बोलावे लागते.

आणि कर्जाची बैठक. तिच्याबद्दल फारसे कोणी लिहीत नाही, पण रेल्वेच्या माणसाच्या बाबतीत ती टाळता येत नाही. समुपदेशक नवरा-बायकोला समोरासमोर बसवून कागदावर यादी करायला लावतो. सोसायटी, पीएफची उचल, किराणा, दुधाचा रतीब, भिशी, गुत्तेवाला, सावकार. पुष्कळदा बायकोला निम्मी कर्जे तेव्हाच पहिल्यांदा कळतात आणि खोलीत वादळ होते. परंतु लपविण्यासारखे काही उरले नाही की पिण्याचे एक मोठे निमित्तही जाते. येथे युनियनच्या कार्यकर्त्याने बाजूला बसावे. सोसायटीचा हप्ता बांधून देणे, जामीनदारांना समजावणे, सावकाराला कायद्याची आठवण करून देणे ही कामे समुपदेशकाला जमणार नाहीत, आपल्याला जमतात. अलीकडे या यादीत मोबाईलवरच्या जुगाराची भर पडली आहे. २०२५ साली संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांविरुद्ध कायदा केला हे बरे झाले, पण झालेली कर्जे आणि लागलेली चटक कायद्याने पुसली जात नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. हे मुखपत्र इटारसी, बिलासपूर, वडोदरा, खरगपूर अशा ठिकाणच्या मराठी सभासदांकडेही जाते म्हणून मुद्दाम लिहितो. आपला माणूस तेथे कामापुरती हिंदी किंवा गुजराती बोलतो. त्याची वऱ्हाडातली किंवा खानदेशातली बायको बाजारापुरती बोलते. पण रात्री घरात काय घडते ते परक्या भाषेत सांगता येत नाही. पुणे-मुंबईच्या गँगमध्ये काम करणाऱ्या बिहारी आणि तेलुगू बांधवांच्या घरचीही हीच अडचण आहे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही फोनसेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा नंबर १४४१६. तेथे मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. व्यसनासाठी १४४४६ हा वेगळा राष्ट्रीय नंबर आहे. दोन्ही फुकट आहेत. फोनवरचे बोलणे समोरासमोर बसण्याची जागा घेऊ शकत नाही, पण कोठे जावे हे तरी त्यातून कळते.

गरज किती आणि सोय किती, याचा हिशेब सरकारनेच केलेला आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना या बाबतीत मदतीची गरज आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळतात ते १८० त एकाला. म्हणजे आपल्या डेपोत असे ३८ जण असतील तर ३७ जणांना चार्जशीटच आधी भेटते.

ज्यांनी ही वाट पाडून दाखविली त्यांची नावे घेतली पाहिजेत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंच्या मदतीने 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे पाच आठवड्यांचा मुक्काम असतो, झाडलोटीपासून कामे दाखल झालेली माणसेच करतात आणि पूर्वी स्वतः व्यसनात असलेले कित्येक जण आज तेथे समुपदेशक आहेत. नवऱ्याच्या उपचाराबरोबर बायकांच्या सभा तेथे पहिल्यापासून महत्त्वाच्या मानल्या गेल्या. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी पतीच्या मृत्यूनंतर १९८० साली त्यांच्या नावाने संस्था काढली. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. आणि हे कामगार चळवळीचे काम नव्हे असे म्हणणाऱ्यांनी छत्तीसगडमधील दल्ली-राजहराची आठवण ठेवावी. १९७७ नंतर शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली तेथील लोहखाणीच्या कामगारांनी लढून मजुरी वाढवून घेतली. वाढलेला पैसा गुत्त्यात जातो आहे असे दिसताच युनियनने बायकांना पुढे करून दारूविरुद्ध मोहीम उघडली आणि १९८३ साली कामगारांच्या वर्गणीतून, श्रमातून 'शहीद हॉस्पिटल' उभे केले. नियोगींचा १९९१ साली खून झाला, पण हॉस्पिटल उभे राहिले. त्यांच्या सगळ्याच मतांशी आपण सहमत असायला हवे असे नाही.

आता दुसऱ्या बाजूचा आक्षेप. "प्रवाशांच्या जिवाचे काय? युनियन दारुड्यांना पाठीशी घालणार का?" मुळीच नाही. रेल्वे सेवा (वर्तणूक) नियम, १९६६ मधील २२ वा नियम स्पष्ट आहे. ड्यूटीवर कोणीही नशेत असता कामा नये आणि रनिंग स्टाफने ड्यूटीच्या आधी आठ तास काहीही घेता कामा नये. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १७२ प्रमाणे नशेत ड्यूटी करून प्रवाशांना धोक्यात आणणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. यात आम्ही एका शब्दाचीही सवलत मागत नाही. प्यालेला माणूस इंजिनावर चढता कामा नये. परंतु ब्रेथलायझर फक्त त्या क्षणाचा श्वास मोजतो. आठ तासांचा हिशेब जुळवून पिणारा, थरथरत्या हाताने पण कोरड्या तोंडाने साईन ऑन करणारा माणूस त्या यंत्राला सापडत नाही. तो सापडायचा तर त्याने स्वतः पुढे येऊन 'मला मदत हवी' असे म्हटले पाहिजे, आणि असे म्हटल्याबद्दल शिक्षा होणार असेल तर तो कशाला म्हणेल?

कायदाही आमच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थेचा समावेश आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्यात दिलेला आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या आचारसंहितेत म्हटले आहे की, दारू व अमली पदार्थांच्या समस्येकडे इतर कोणत्याही आजाराप्रमाणे पाहावे, उपचार घेणाऱ्याशी भेदभाव करू नये आणि हातात नोकरी असणे ही बरे होण्याला मदत करणारी गोष्ट आहे. हे शेवटचे आम्ही अनुभवाने सांगू शकतो. नोकरी गेली की माणसाकडे दिवसाचे चोवीस तास मोकळे आणि मनात अपमान, अशी अवस्था होते. त्यात कोणाची सुटत नाही.

बाजारात दुसरेही उपाय मिळतात. लोकलच्या डब्यात, स्टेशनबाहेरच्या भिंतींवर 'पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा' अशा चिठ्ठ्या आपण रोज वाचतो. भगिनींना कळकळीची विनंती की न सांगता चहातून, भाजीतून कोणतीही पावडर देऊ नका. दारूची किळस यावी म्हणून दिले जाणारे खरे औषधसुद्धा रुग्णाला न सांगता दिले आणि त्यावर तो प्याला तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. काही ठिकाणी व्यसनमुक्तीच्या नावाखाली कोंडून ठेवणे, मारझोड चालते. रुग्णाला साखळदंडाने बांधणे २०१७ च्या कायद्याने बंद केलेले आहे. दाखल करण्यापूर्वी स्वतः जाऊन बघा, डॉक्टर कोण ते विचारा, घरच्यांना भेटू देतात का ते विचारा. देवाची माळ घालून ज्यांची सुटली त्यांना आमचा नमस्कार. ज्यांनी माळ घालूनही पुन्हा घेतली त्यांनी पापाच्या भीतीने तोंड लपवू नये, समुपदेशकाकडे यावे.

वर सांगितलेला गँगमन दुसऱ्या चार्जशीटच्या वेळी समुपदेशकाकडे गेला. खुशीने गेला नाही. आधी त्याची बायको तीन आठवडे एकटीच जात होती. त्यानंतर दोनदा त्याचा पाय घसरला. पहिल्यांदा बहिणीच्या लग्नात, दुसऱ्यांदा कशावरून ते त्यालाही सांगता आले नाही. पण दोन्ही वेळा तो चार दिवसांत परत समुपदेशकासमोर जाऊन बसला. पूर्वी अशी घसरण चार महिन्यांची होत असे. आता तिसरे वर्ष चालू आहे. सोसायटीचे कर्ज अजून फिटायचे आहे आणि सासरा अजून बोलत नाही.

आमच्या शाखेने प्रशासनापुढे मांडण्यासाठी केलेला मसुदा असा आहे. विभागीय रुग्णालयात व्यसनाचे प्रशिक्षण घेतलेला पूर्णवेळ समुपदेशक नेमावा. घटना घडण्यापूर्वी जो स्वतःहून पुढे येईल त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ नये. सेफ्टी कॅटेगरीतील असल्यास त्याला ताबडतोब गाडीवरून उतरवून उपचार चालू असेपर्यंत दुसरे काम द्यावे. उपचाराचे दिवस इतर आजाराप्रमाणे सिकमध्ये धरावेत. कामावर परतल्यावर निदान दोन वर्षे पाठपुरावा व्हावा आणि तो सुपरवायझरने नव्हे तर समुपदेशकाने करावा. स्टाफ बेनिफिट फंडाच्या कमिटीवर आपले प्रतिनिधी असतातच; त्यांनी बायकांच्या साप्ताहिक सभेसाठी कॉलनीतील इन्स्टिट्यूटचा हॉल आणि येण्या-जाण्याचा खर्च मंजूर करून घ्यावा. हॉल दुपारचा हवा. संध्याकाळी नवरे घरी येतात, मग बायकांना निघता येत नाही.

हा मसुदा येत्या शाखा सभेपुढे ठेवून पुढे पीएनएमसाठी पाठविण्यात येईल. ज्या शाखांत असे काम आधीच चालू असेल त्यांनी मुखपत्राच्या पत्त्यावर कळवावे: समुपदेशक कोठून मिळाला, त्याचे मानधन कोण देते, सभा कोणत्या वारी भरते आणि बायकांच्या सभेला किती जणी येतात.